वाळू संपली की वाजणारी घंटा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे बघून मला भंगारात टाकायची घाई करू नका. मी गाईच्या गळ्यातली घंटा आहे. लोखंडी पत्रा ठोकून आणि त्यावर पितळेचा हात फिरवून ज्या लोहारानं मला घडवलं, त्याच्या नातवंडांची नातवंडंसुद्धा आता म्हातारी झाली असतील. माझा आवाज गोड नाही, हे आधीच सांगून टाकते. देवळातल्या घंटेसारखा घुमणारा तर मुळीच नाही. खण्ण करते आणि गप्प होते. पण याच आवाजानं मी एका गव्हर्नरला भर सभेत खाली बसवलंय, आणि याच आवाजानं एका लेकीचं वाक्य तिच्या बापाच्या देखत अर्ध्यात तोडलंय. गव्हर्नरचं जाऊ द्या. त्या लेकीचं सांगते.

माझा जन्म नॉर्वेतल्या डोंगरात झाला. ब्रेकी घराण्यातल्या एका तरण्या सुनेनं मला लोकरीच्या मोज्यात गुंडाळून जहाजात चढवलं, आणि विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत उतरल्यावर माझं नशीब उघडलं. तेव्हा तारेची कुंपणं नव्हती. गाई रानात मोकळ्या सुटायच्या. धुकं उतरलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही, आणि संध्याकाळी सगळं घर दारात उभं राहून माझ्या आवाजाची वाट बघायचं. मी म्होरक्या गाईच्या गळ्यात असायची. ती जिकडे जाईल तिकडे कळप. 'आली गं बाई, आली!' असं कुणी ओरडलं की मला काय वाटायचं म्हणून सांगू!

मग विजेच्या तारांची कुंपणं आली आणि माझी गरज संपली. गोठ्यातल्या खिळ्यावर टांगून राहिले. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, दोऱ्या अडकवल्या, एका हिवाळ्यात तर दार लागू नये म्हणून मला उंबऱ्यात टेकवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बुटाची ठोकर खायची आणि गप्प बसायचं. म्होरक्या गाईची घंटा मी, आणि ही दशा!

तिथून मला उचललं बोर्गिल्डनं. ऑर्व्हिल ब्रेकीची ही बायको, हसरी आणि हट्टी. 'गाय मुकी फिरते, बरं दिसत नाही,' असं म्हणून तिनं मला तेल पाजलं, नवा पट्टा शिवला आणि डागरोस नावाच्या तिच्या लाडक्या गाईच्या गळ्यात बांधलं. ऑर्व्हिल म्हणाला, 'अगं, कुंपण आहे की आता. ती जाणार कुठे?' त्यावर ती म्हणाली, 'कुठे जाणार नाही. पण आहे हे तरी कळू दे.' पुढची कितीतरी वर्षं मी पुन्हा वाजले.

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. शेजारी कुणी गेलं की गाईच्या घंटेत लोकरीचा हातमोजा कोंबायचा. त्या घरचे दुखवट्याचे दिवस उलटेपर्यंत घंटा मुकी ठेवायची. एका वसंतात मात्र कुणीही गेलेलं नसताना बोर्गिल्डनं माझ्या तोंडात हातमोजा कोंबला. धारेची वेळ नव्हती. ऑर्व्हिल बाहेर ट्रॅक्टरखाली आडवा होऊन काहीतरी ठोकत होता. त्याला चाहूल लागू नये म्हणून माझं तोंड बंद करून ती डागरोसच्या मानेला बिलगली, आणि हळू आवाजात गाईशी काही बोलली. गोठ्याच्या दारात तिची लेक, मार्लिस, गाडीची किल्ली घेऊन उभी होती. नुकतीच गाडी चालवायला शिकलेली पोर ती. तिनं ऐकलं आणि मी ऐकलं. पण मी पडले घंटा. कुणी हलवलं तरच बोलणार, आणि तेही एकच अक्षर.

मक्याची कापणी आटोपायच्या आत बोर्गिल्ड गेली. छातीतली गाठ. ऑर्व्हिल चर्चच्या पायऱ्यांवर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, 'पंधरवड्यात आटोपलं सगळं. तिला तरी कुठे ठाऊक होतं? ठाऊक असतं तर काहीतरी केलं असतं.' मार्लिस शेजारी उभी राहून बुटांकडे बघायची.

त्यानंतर घरात माझा आवाज ऑर्व्हिलला सोसवेना. गावातल्या शेतकऱ्यांच्या हॉलमध्ये सभेसाठी घंटा हवी होती, ती त्यानं मला देऊन टाकली आणि माझ्या मागोमाग स्वतःही येऊन बसला. हॉलमध्ये निवडणुकीआधीच्या एका रविवारी उमेदवारांची सभा भरते. दुपारचं जेवण आटोपल्यावर सुरू होते आणि धारेच्या वेळेआधी संपायलाच लागते, कारण गाई कुणाच्या भाषणासाठी थांबत नाहीत. म्हणून बोलण्याला माप. व्हर्ना स्कार, हॉलची अध्यक्ष, घरून अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ आणते. वाळू वरून खाली आली की ऑर्व्हिल मला हलवायचा, आणि बोलणारा असेल तिथे थांबायचा. शब्द अर्धा असेल तर अर्धा. घंटा ज्याच्या हातात आहे त्यानं टाळी वाजवायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, मानसुद्धा डोलवायची नाही. ऑर्व्हिलनं कधी कुणाला सूट दिली नाही. स्वतःच्या सख्ख्या भावालाही नाही. वर्तमानपत्रात आमच्या दोघांचा फोटो आला होता. माझा जरा जास्त चांगला आला होता.

आता तुम्हांला आमच्याकडची माणसं सांगायला हवीत. आमच्याकडे माणसं दोन जातींची. देशातल्या दोन मोठ्या पक्षांच्या निशाणीवरून ओळखायची. एक हत्तीवाले, दुसरे गाढववाले. जन्मतःच ठरतं. ब्रेकी घराणं पिढ्यान्‌पिढ्या गाढववाल्यांचं. आणि त्या घराण्यातली मार्लिस, जिचे केस आता पिकायला लागलेत, जी बापाच्या गोठ्यात आता स्वतः धारा काढते, ती एका निवडणुकीच्या वर्षी दोन्हींना सोडून प्रेअरी पक्ष नावाच्या तिसऱ्याच, मूठभर माणसांच्या पक्षातर्फे उभी राहिली. साधीसुधी निवडणूक नव्हे. वॉशिंग्टनला खासदार म्हणून जायची.

ऑर्व्हिल रस्त्यापलीकडच्या लहान घरात राहतो. बातमी कळली त्या दिवशी तो गोठ्यात गेला आणि म्हणाला, 'मतं खायला उभी राहिलीस तू. आपल्या माणसाची. तो हत्तीवाला निवडून आला ना, तर तो तुझ्या नावावर.'

'बाबा, माझी मतं म्हणजे माझी. मी कुणाच्या ताटातली उचलत नाहीये.'

'तुझ्या आईला काय वाटलं असतं?'

मार्लिस बादली उचलून पुढच्या गाईकडे वळली. ऑर्व्हिल परत फिरला. त्यानंतर त्यानं गोठ्यात पाय ठेवला नाही. बापलेकीच्या मध्ये एक रस्ता, पण सबंध उन्हाळ्यात तो कुणी ओलांडला नाही.

हे सगळं मला कळलं ते असं की सभेआधी ऑर्व्हिल मला घासायला घरी आणायचा. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तेल पिऊन पडले होते, आणि समोर डेल होव्हलंड कॉफीचा कप फिरवत ऑर्व्हिलचं हे गाऱ्हाणं ऐकत बसला होता. डेल गाढववाल्यांचा तालुक्याचा म्होरक्या, ऑर्व्हिलचा शाळेपासूनचा मित्र. त्यानं खटपट करून बघितली होती की सभेत दोनच खुर्च्या मांडाव्यात. तेव्हा ऑर्व्हिलनंच मोडता घातला होता. 'मतपत्रिकेवर नाव आहे ना? मग खुर्ची पण आहे,' एवढंच तो बोलला होता. लेकीशी अबोला, पण खुर्ची दिली. असा माणूस.

'ऑर्व्हिल,' डेल म्हणाला, 'वाळू काय, तू एकटा बघतोस. तिच्या वेळेला चार कण आधी वाजली घंटा, तर कोण मोजायला येणार आहे?'

'कॉफी संपव.'

'मी तुझ्या भल्याचं सांगतोय. पोरगी बोलायला लागली की लोक ऐकतात. बोर्गिल्डचा आवाज आहे तिचा, अगदी तोच. आपला माणूस पडेल रे!'

'कॉफी संपव आणि नीघ, डेल.'

डेल उठला. दारात जाऊन वळला, आणि त्याचा चेहरा आता मित्राचा राहिला नव्हता. 'ठीक आहे. पण मग दुसरं ऐक. एक कण जरी उशीर केलास ना तिच्या वेळी, तर मी पुढच्या रांगेतून उभा राहीन. सगळ्यांदेखत म्हणेन, ऑर्व्हिल ब्रेकी पोरीसाठी खोटी घंटा वाजवतो.'

दार आपटलं. ऑर्व्हिलनं मला उचललं. मी वाजू नये म्हणून त्यानं मला घट्ट छातीशी धरलं. इतक्या वर्षांत या माणसानं एकच गोष्ट कमावली होती. त्याची घंटा खरी, हे नाव. आणि आता ती लवकर वाजली तर लेक जाणार, उशिरा वाजली तर नाव. मला फार वाईट वाटलं हो त्याचं.

रविवारी हॉल खच्चून भरला. कॉफीच्या मोठ्या पिंपापाशी झुंबड, टेबलावर लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या, गुंडाळ्या आणि ॲपल पाय, भिंतीला ओल्या कोटांची रांग. एरवी सभेआधी हशा-टवाळी चालते. त्या दिवशी लोक हळू बोलत होते. सगळ्यांना माहीत होतं की बाप घंटा घेऊन बसणार आणि लेक बोलणार. हत्तीवाल्यांचा उमेदवार शहरातला वकील होता, गाढववाल्यांचा आधीपासून खासदार होता. दोघांच्या मध्ये मार्लिस बसली. धुऊन पांढरी केलेली गोठ्यातली बोटं तिनं मांडीवर एकमेकांत अडकवली होती. तिनं एकदा बापाकडे बघितलं. बाप वाळूकडे बघत होता.

पहिला प्रश्न लढाईचा. एका आईनं विचारला, जिचा मुलगा परदेशात तैनात होता. दोघांनी देशाची शान, सैनिकांचं शौर्य वगैरे सांगितलं. मार्लिसची पाळी आली.

'शौर्य त्यांचं आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्या,' ती म्हणाली. 'माझं म्हणणं खासदारांबद्दल आहे. आमच्या चर्चला छप्पर घालायचं तर आम्ही हात वर करून मत देतो, नावासकट. आणि पोरं लढाईला पाठवायची तर वॉशिंग्टनमध्ये कुणी हातच वर करत नाही. कुणीतरी हुकूम काढतो, बाकीचे टीव्हीवर बघतात. मी गेले तर म्हणेन, आधी उभे राहा, आपलं नाव सांगा आणि हो की नाही ते तोंडानं बोला. माझं स्वतःचं बहुतेक वेळा नाही असेल. आवडणार नाही कुणाकुणाला.'

वाळू उरली होती, पण ती खाली बसली. त्या आईनं मान डोलवली. पुढच्या रांगेत डेलनं हाताची घडी घातली.

मग सरहद्दीचा प्रश्न निघाला आणि हॉल तापला. मार्लिस म्हणाली, 'या तालुक्यातल्या निम्म्या गाईंच्या धारा मेक्सिकोतून आलेली माणसं काढतात. माझ्याकडे पण दोघं आहेत. खोटं कशाला बोलू? त्यांना नीट कागदपत्रं द्या, म्हणजे आई वारली तर घरी जाऊन परत येता येईल. हत्तीवाले त्यांच्या नावानं खडे फोडतात आणि त्यांनीच काढलेलं दूध पितात. गाढववाले निवडणुकीला त्यांच्याबरोबर फोटो काढतात आणि मग विसरतात.'

'खाली बस गं!' मागून कुणीतरी ओरडलं.

'वेळ आहे माझी अजून.'

'आमचं दूध काढ की नुसतं! वॉशिंग्टन कशाला हवंय?'

'तुझं काढलंय मी, रॉनी, तुझा पाय मोडला होता तेव्हा! विसरलास?' मार्लिस भडकली. हशा झाला, पण तो लगेच विरला. व्हर्नानं टेबलावर हात आपटला. वाळू संपली, ऑर्व्हिलनं मला हलवलं, मी खण्ण केलं. अगदी वेळेवर. डेल वाळूकडे डोळे लावूनच बसला होता.

आणि मग आला दवाखान्याचा, विम्याचा प्रश्न. वकील म्हणाला की माणसानं आपली सोय आपण बघायला हवी. खासदार म्हणाला की काळजीचं कारण नाही, काम हळूहळू चाललंय. 'आणि एक खात्रीनं सांगतो,' तो हसून पुढे म्हणाला, 'आपल्या या भागात आजवर कुणालाही दवाखान्याच्या दारातून परत फिरावं लागलेलं नाही.' टाळ्या पडल्या.

मार्लिस उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला लहानपणापासून ओळखते. हे बोलायचं तिनं ठरवलेलं नव्हतं. ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

'दारातून कुणी परत पाठवत नाही, खरं आहे. माणसं दारापर्यंत जातच नाहीत. किंवा जातात आणि आपणहून परत फिरतात. खासदारसाहेब, मी एका बाईला नेलं होतं गाडीतून. माझ्या आईला.'

सगळा हॉल जिवाचा कान करून ऐकायला लागला. ऑर्व्हिलची बोटं माझ्या पट्ट्यावर आवळली.

'दुधाचा भाव पडला होता त्या वर्षी. कुटुंबाचा विमा भरायचा की गाईंना चारा घ्यायचा, असं होतं. आमच्या घरानं चारा घेतला. इथे बसलेल्या किती घरांनी तेच केलं असेल, हात वर करायला सांगत नाही मी. आपल्याकडे असलं बोलत नाहीत. आपण कापणी होऊ दे म्हणतो. बर्फ वितळू दे म्हणतो. माझं मत विचाराल तर सोपं आहे. दवाखाना हा रस्त्यासारखा असावा. सगळ्यांनी मिळून बांधलेला, कुणीही जावं. त्याला काय नाव द्यायचं ते तुम्ही द्या. मला शिव्या पण द्या. पण माझी आई…'

तिनं घड्याळाकडे बघितलं. वरच्या भांड्यात वाळू चिमूटभर उरली होती. डेल पुढे झुकला.

'लोक म्हणतात, ती पंधरवड्यात गेली. तसं नाहीये. त्या वसंतात, दवाखान्यातून परत येताना, तिनं मला शपथ घातली, की बाबांना कधीही सांगायचं नाही, की ती…'

शेवटचा कण खाली पडला.

मित्रांनो, त्या क्षणी ऑर्व्हिलकडे मी फार जवळून बघत होते. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. वसंतात? कसला दवाखाना? तो स्वतः ते वाक्य पहिल्यांदा ऐकत होता. सगळा हॉल त्याच्या हाताकडे बघत होता. नको वाजवूस, असं मला ओरडावंसं वाटलं, पण माझं ओरडणं म्हणजे वाजणंच की हो. आणि ऑर्व्हिलनं मला हलवलं.

खण्ण.

मार्लिस थांबली. असेल तिथे थांबायचं, हा नियम. तिनं ओठ घट्ट मिटले आणि खाली बसली.  डेलनं खिशातून रुमाल काढला आणि हातातच ठेवला. व्हर्ना म्हणाली, 'पुढचा प्रश्न,' आणि परत एकदा म्हणाली. प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेतून कुणी पुढे सरकेना.

तेव्हा ऑर्व्हिल उठला. मला घेऊन तो पुढच्या रांगेपाशी गेला आणि मला डेलच्या हातात दिलं.

'धर.'

'मी? अरे, मी कशाला…'

'तुला वाळू नीट दिसते. एक कण इकडचा तिकडे होऊ देऊ नकोस.'

मग तो म्हातारा टोपी काढून, सगळ्या हॉलच्या कडेकडेनं चालत, प्रश्नांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. रांगेतली माणसं बाजूला झाली, पण तो पुढे येईना. 'माझा नंबर येऊ दे,' म्हणाला. शेवटी सगळेच खाली बसले आणि त्याचा नंबर आला.

'नाव सांगा,' व्हर्ना म्हणाली. नियम होता.

'ऑर्व्हिल ब्रेकी. प्रश्न मार्लिस ब्रेकीला आहे.' तो लेकीकडे वळला. 'काय सांगायचं नाही म्हणाली ती?'

'बाबा, इथे नको. घरी सांगते.'

'घरी आपण बोलत नाही. इथे रांगेत उभा राहून विचारलंय. उत्तर दे.'

व्हर्नानं घड्याळ उलटं केलं. मार्लिस उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं समोरच्या टेबलाची कड धरली होती.

'की तिला माहीत होतं,' ती म्हणाली. 'वसंतातच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लगेच मॅडिसनच्या मोठ्या दवाखान्यात चला, ऑपरेशन करू, बरी होशील बहुतेक. तिनं विचारलं, खर्च किती? त्यांनी सांगितलं. ती थँक यू म्हणाली, कोट घातला आणि गाडीत येऊन बसली. घरी आल्यावर गोठ्यात गेली. डागरोसच्या मानेला धरून रडली. म्हणाली, ऑर्व्हिलला कळलं तर तो तुम्हांला विकेल गं. सगळ्यांना. उद्याच्या उद्या.'

हेच ते, मित्रांनो. हेच मी ऐकलं होतं, तोंडात हातमोजा असताना.

ऑर्व्हिल टोपी पिळत उभा होता. 'विकल्या असत्या मी,' तो म्हणाला. 'शेवटच्या वासरापर्यंत विकल्या असत्या.'

'तिला माहीत होतं ते. म्हणून तर नाही सांगितलं, बाबा.'

वाळू केव्हाच संपली होती. आणि डेलनं, ज्यानं मला चार कण आधी वाजवायला सांगितलं होतं त्या डेलनं, माझ्या पोटात हात घालून माझी जीभ दोन बोटांत धरून ठेवली होती. मी वाजू नये म्हणून. त्याचे डोळे वाहत होते आणि तो पुसत नव्हता.

मार्लिस हॉलकडे वळली. 'कुणाही बाईला आपला जीव आणि आपला गोठा एका तराजूत घालायला लागू नये. देशाच्या प्रश्नांवर माझं मत म्हणाल तर हे एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.' आणि ती बसली.

 मग ऑर्व्हिल म्हणाला, 'डेल, वाळू संपलीय.'

'दिसतंय मला.'

'मग वाजव. खोटी घंटा नको.'

डेलनं बोटं सोडली आणि मला इतक्या हळू हलवलं की माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ऑर्व्हिलनं टोपी डोक्यावर घातली, स्टेजपाशी गेला आणि लेकीला म्हणाला, 'चल. धारेची वेळ झाली. मी पण येतो.' व्हर्ना म्हणते, तिनं खिडकीतून बघितलं, दोघं ट्रकमध्ये बसले तेव्हा काही बोलत नव्हते. पण एकाच ट्रकमध्ये बसले.

तुम्हांला निकाल ऐकायची घाई असेल. मार्लिस हरली. चांगली तिसरी आली. आणि डेलची भीती खरी ठरली. त्याचा खासदार थोडक्या मतांनी पडला. पोस्टात, दुकानात डेल ब्रेकींकडे बघेनासा झाला. पण जानेवारीत ब्रेकींच्या दारात दुधाची गाडी बर्फात रुतली, तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आला तो डेलच. 'अजून रागावलोय मी,' एवढंच बोलला आणि गाडी ओढायला लागला. ऑर्व्हिलनं कुणाला मत दिलं, ते मार्लिसनं एकदा गोठ्यात विचारलं होतं म्हणे. त्यावर तो म्हणाला, 'मतदान गुप्त असतं, पोरी. बादली सरकव इकडे.'

ऑर्व्हिलनं मला पुन्हा हातात घेतलं नाही. आता मला डेल वाजवतो. ऑर्व्हिल सभेला येतो तो रांगेत उभा राहायला. दर वेळी काही ना काही विचारतोच.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. मला कोरडं ठेवा, वर्षातून एकदा तेल द्या, दारात ठोकरा खायला ठेवू नका, एवढं मागणं आहेच. पण दुसरं एक आहे, ते जास्त जिवाचं आहे. माझ्यासारखी घंटा प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी येते. कुणाची तरी वेळ संपली म्हणायचं आणि त्याला गप्प करायचं, ते सोपं असतं, आणि कधीकधी बरोबरही असतं. वाजवा मग, खुशाल वाजवा. पण नंतर घंटा खाली ठेवा, उठा, रांगेत जाऊन उभे राहा आणि ज्याला थांबवलंत त्याला विचारा की पुढे काय म्हणत होतास. बोर्गिल्डचं ते वाक्य ब्रेकींच्या घरात कितीतरी वर्षं अर्धं पडून होतं. मला ते पूर्ण पाठ होतं. पण मी लोखंडाची, मला एकच अक्षर येतं. तुम्हांला तोंड आहे. विचारा.